रचित बुद्धिबळकोडी सोडवायची कशी, आणि त्यांत आनंद नेमका कशाचा?

सातव्या घरचे प्यादे

नमस्कार मंडळी. मी हौशी बुद्धिबळपटू आहे. प्रत्यक्ष डावांतून उचललेली, संगणकावर रोज समोर येणारी कोडी मी बऱ्यापैकी झटपट सोडवतो. त्यांत काय शोधायचे हे आता सवयीने कळते. राजाला शह बसतो का, एखादे मोहरे बिनआधाराचे पडले आहे का, घोड्याने एकाच वेळी दोघांवर हल्ला करता येतो का, एवढे तपासले की उत्तर बहुधा हाती लागते.

अलीकडे एका मित्राने रचित कोड्यांचा एक जुना संग्रह दिला आणि माझी सगळी मिजास उतरली. प्रत्येक पटाखाली एवढेच लिहिलेले असते की पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, घोडे असा सारा लवाजमा असतो, काळ्याचा राजा जवळजवळ एकटा पडलेला असतो, आणि असा डाव कोणीही शेंबडे पोरसुद्धा जिंकेल असे वाटते. मात्र ती मात दोनच चालींत करायला गेले की प्रत्येक शहातून राजा कुठून तरी निसटतो. तासभर डोके खपवून मागच्या पानावरचे उत्तर पाहावे, तर पहिली चाल एखाद्या कोपऱ्यातल्या उंटाने एक घर मागे सरकण्याची असते.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, अशा कोड्यांकडे पाहण्याची काही पद्धत आहे का, की केवळ एकेक चाल तपासत बसायचे? दोन, या पटस्थिती खऱ्या डावात कधीच येत नाहीत आणि संगणक त्या क्षणात सोडवतो, हे ठाऊक असूनही जाणती माणसे त्यांत वर्षानुवर्षे का रमतात?

---

तिरका उंट

आपली अडचण आपल्या पहिल्याच परिच्छेदात आहे. आपण आधी शह शोधता. रचित कोड्यात पहिली चाल, म्हणजे की-मूव्ह, शहाची असणे किंवा मोहरे मारण्याची असणे हे रचनाकारांमध्ये सहसा कमअस्सल मानले जाते, कारण शह दिला की काळ्याला पर्यायच उरत नाहीत आणि सोडवणाऱ्याला शोधायलाही फारसे काही राहत नाही. म्हणून सरावलेला माणूस पहिली काही मिनिटे पांढऱ्याच्या चालींकडे बघतच नाही. तो असे धरून चालतो की आत्ता चाल काळ्याची आहे, आणि मग काळा काय काय करू शकतो व त्या प्रत्येक चालीवर पांढऱ्याकडे मात आधीच तयार आहे का, हे पाहतो.

पॉल मॉर्फी या विख्यात अमेरिकी खेळाडूच्या नावावर असलेले एक छोटे कोडे पटावर मांडून पाहा (स्तंभ पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८). पांढरे: राजा सी८, हत्ती ए१, प्यादे बी६. काळे: राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पांढऱ्याने दोन चालींत मात करायची आहे.

आता चाल काळ्याची आहे असे समजा. राजाला हलायला घर नाही. बी७ वरचे प्यादे पुढच्या पांढऱ्या प्याद्यामुळे जागीच खिळले आहे. उंट कर्णरेषेत कुठेही गेला तरी हत्तीने ए७ चे प्यादे मारले की मात होते, कारण त्या हत्तीला बी६ च्या प्याद्याचा आधार आहे आणि उंटाने मोकळे केलेले बी८ हे घर पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहे. उरले ए७ चे प्यादे. ते बी६ वर मारू शकत नाही, कारण ते सरकले तर हत्तीचा शह थेट राजावर उघडतो. पण ते सरळ पुढे, ए६ किंवा ए५ वर, मात्र जाऊ शकते, आणि तेवढीच एक चाल काळ्याला वाचवणारी आहे.

म्हणजे शोध एका प्रश्नापाशी येऊन थांबला: हे प्यादे पुढे जाऊ नये म्हणून काय करता येईल? त्याच्या वाटेत कोणी तरी उभे राहायला हवे, आणि तिथे जाऊ शकणारा एकच आहे. हत्ती ए६! तो फुकट मारता येतो, म्हणून डाव खेळणाऱ्याच्या मनात ही चाल येतच नाही. बी७ च्या प्याद्याने हत्ती मारला, तर त्या प्याद्याने बी७ हे घर सोडले. मग पांढऱ्याचे प्यादे बी७ वर जाते आणि मात. उंट हलला, तर हत्तीने ए७ मारून मात. तिसरी चाल काळ्याकडे नाही. गंमत अशी की हत्ती ए६ या चालीत धमकी कसलीच नाही. काळ्याला 'पास' म्हणता आले असते, तर पांढऱ्याच्या हाती काही लागले नसते. चाल करण्याच्या सक्तीनेच तो मरतो. या अवस्थेला झुगझ्वांग म्हणतात, आणि दोनचाली कोड्यांचा एक मोठा वर्ग तिच्यावरच उभा आहे.

दुसरी किल्ली म्हणजे काटकसर. चांगल्या रचनेत निष्कारण ठेवलेले मोहरे नसते. एखादे प्यादे दूर कोपऱ्यात का उभे आहे, असा प्रश्न पडला, तर तो सोडू नका. ते नसते तर कोणती चाल शक्य झाली असती हे पाहा. पुष्कळदा त्या प्याद्याचे काम एवढेच असते की रचनाकाराला नको असलेले दुसरे उत्तर बंद करणे. उत्तर एकच असले पाहिजे हा या कलेचा पहिला नियम आहे, आणि दुसरी की-मूव्ह निघाली तर कोडे बाद होते, मग ते कितीही देखणे असो.

---

घड्याळ दाबा

वरील उत्तर वाचनीय आहे, तरी स्पर्धा खेळणाऱ्याच्या दृष्टीने थोडा विरोधी सूर लावतो. मानांकन वाढवणे हा हेतू असेल, तर दोनचाली कोड्यांवर फार वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डावात आपल्याला मात नेमकी दोनच चालींत करण्याची सक्ती कधीच नसते. पाच चालींत केलेल्या मातीलाही तोच एक गुण मिळतो. शिवाय प्रशिक्षणाला येणारी मुले अशा कोड्यांमुळे साधा, भक्कम शह सोडून उगाच नवलाईची चाल शोधू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

याला अपवाद एंडगेम स्टडींचा, म्हणजे रचित अंत्यस्थितींचा. तिथे चालींची मर्यादा नसते. पांढऱ्याने जिंकावे किंवा बरोबरी साधावी, एवढीच अट असते, आणि शिकलेले पटावर खरोखर उपयोगी पडते. रिचर्ड रेटी या नामवंत खेळाडूची १९२१ सालची रचना प्रत्येक खेळाडूला माहीत असायलाच हवी. पांढरे: राजा एच८, प्यादे सी६. काळे: राजा ए६, प्यादे एच५. पांढऱ्याने बरोबरी साधायची आहे. काळ्याचे प्यादे पुढे निसटले आहे, पांढऱ्याचा राजा त्याच्या दोन चाली मागे आहे, आणि स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे. राजा जी७, राजा एफ६ अशी तिरकी वाट धरली की तो एकाच वेळी दोन्ही प्याद्यांच्या जवळ सरकत राहतो. काळ्याने सरळ प्यादे दामटले, तर पांढरा राजा ई७ गाठून आपले प्यादे वजीर करवतो. काळ्याने राजा बी६ खेळून आधी सी६ च्या प्याद्याकडे मोर्चा वळवला, तर राजा ई५! आता ते प्यादे मारण्यात काळ्याने चाल खर्च केली, तर राजा एफ४ वरून काळ्याचे प्यादे गाठले जाते. न मारता स्वतःचे प्यादे पुढे नेले, तर राजा डी६, आणि पांढऱ्याचेही प्यादे वजीर होते. पटावर तिरकी वाट सरळ वाटेइतकीच चालींची असते, ही गोष्ट सगळे जाणतात. तिचा असा उपयोग होतो हे रेटींनी दाखवले.

---

ग्लासगोची टपाल

स्टडींचा विषय निघालाच आहे, तर साव्हेद्राच्या पटस्थितीवाचून ही चर्चा अपुरी राहील. मूळ प्रश्नकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तरी तिथेच सापडते.

१८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए हे बुद्धिबळाचे सदर चालवत असत. त्यांनी एक अंत्यस्थिती छापली आणि काळ्याला बरोबरी साधता येते असे दाखवले. त्याच शहरात फर्नांडो साव्हेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू राहत होते. बुद्धिबळाच्या जगात त्यांचे नाव तोवर कोणाला ठाऊक नव्हते. बरोबरीच्या त्या उत्तराच्या पलीकडे पांढऱ्याची एक चाल आहे आणि तिने डाव जिंकता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्या एका चालीवर त्यांचे नाव अमर झाले.

आज ती स्थिती अशी मांडतात. पांढरे: राजा बी६, प्यादे सी६. काळे: राजा ए१, हत्ती डी५. पांढऱ्याची चाल, पांढरा जिंकतो. पटावर अवघी चार मोहरी आहेत.

प्यादे सी७ वर जाते. आता ते वजीर होणार, म्हणून काळा शह देत सुटतो: हत्ती डी६. राजाने बी७ वर जाऊ नये, कारण मग हत्ती डी७ वर येऊन प्याद्याला जखडतो. म्हणून राजा बी५. हत्ती डी५ शह, राजा बी४. हत्ती डी४ शह, राजा बी३. हत्ती डी३ शह, राजा सी२. शह संपले. प्यादे आता वजीर होणार असे वाटते, आणि इथेच काळा हत्ती डी४ ही चाल करतो. प्याद्याचा वजीर केला, तर हत्ती सी४ वर शह देतो. वजिराला तो मारावाच लागतो, आणि मारला की कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. बार्बिए इथे थांबले होते.

साव्हेद्रांनी प्याद्याचा वजीर केला नाही, हत्ती केला. हत्ती सी४ वरून ए२ या घरावर पहारा ठेवू शकत नाही, त्यामुळे स्टेलमेटची युक्ती आपोआप गळून पडते. पांढऱ्याची धमकी आता हत्ती ए८ वर नेऊन मात करण्याची आहे, म्हणून काळ्याला हत्ती ए४ वर आणावाच लागतो. मग राजा बी३! एकाच चालीत काळ्या हत्तीवर हल्ला होतो आणि सी१ वर मातीची धमकी उभी राहते. दोन्ही सांभाळता येत नाहीत.

लहानपणापासून आपल्याला शिकवलेले असते की प्यादे आठव्या घरात पोहोचले की त्याचा वजीर करायचा, जास्त बळ ते नेहमी चांगले. तो नियम इथे मोडतो, आणि का मोडतो तेही कळते: वजीर फार घरे अडवतो, आणि कधी कधी तेवढे बळ नको असते. खऱ्या डावांत अशी वेळ क्वचित येते हे मान्य आहे. मात्र रचनाकाराने बाकी सगळी मोहरी पटावरून काढून ती एकच शक्यता आपल्यासमोर ठेवलेली असते, आणि हजार डाव खेळूनही जे दिसले नसते ते चार मोहऱ्यांत दिसते. संगणकाला हे उत्तर निमिषात सापडते, हे खरे. त्याला स्टेलमेटच्या सापळ्याने हुलकावणी दिलेली नसते, म्हणून सुटका झाल्याचे सुखही त्याला नाही.

---

सातव्या घरचे प्यादे

सर्वांचे आभार. साव्हेद्राची स्थिती आज संध्याकाळी पटावर मांडली, आणि एक शंका राहिली. पहिल्या शहानंतर राजा बी७ वर का जात नाही हे समजले. पण तो सी५ वर का जात नाही? तिथून तर तो हत्तीवरच चालून जातो, मग काळ्याला उसंत कुठून मिळते?

दुसरे असे की संग्रहाच्या शेवटच्या भागात 'हेल्पमेट' असा शब्द आहे आणि तिथे काळाच आधी चाल करतो. हा काय प्रकार आहे?

---

तिरका उंट

सी५ वर गेल्यास काळा शह देण्याचे सोडून हत्ती सरळ डी१ वर नेतो. प्याद्याचा वजीर झाला की हत्ती सी१ वर शह देतो, राजा बाजूला झाला की मागचा वजीर मारला जातो. राजा सी स्तंभात आणि प्यादेही त्याच स्तंभात, हीच त्या चालीतली खोट आहे. मुख्य उत्तरात राजा बी स्तंभातून एकेक घर उतरत येतो तो यासाठीच. सी२ वर तो पोहोचतो तेव्हा सी१ हे घर त्याच्याच ताब्यात असते आणि ही युक्ती चालत नाही. अशी फसवी उत्तरे तपासणे हा सोडवण्याचाच भाग समजा. चांगला रचनाकार फसव्या चालीलाही खऱ्या उत्तराइतक्याच प्रेमाने घडवतो, आणि ती काळ्याच्या नेमक्या एकाच चालीने मोडते. ती एक चाल सापडली की रचनाकार कुठे बसून हसत होता ते कळते.

हेल्पमेटमध्ये दोन्ही बाजू मिळून काळ्या राजाला मात करवतात. सुरुवात काळा करतो, आणि स्वतःच्या राजाची घरे स्वतःच्याच मोहऱ्यांनी बुजवतो. वैर संपल्यामुळे बचावाचा विचार करावा लागत नाही, म्हणून नवख्याला ते सोपे वाटते. प्रत्यक्षात चालींचा क्रम एकच असावा लागतो आणि तो शोधताना घाम फुटतो. याचा उलटा भाऊ म्हणजे सेल्फमेट: तिथे पांढरा काळ्याला भाग पाडून स्वतःलाच मात करवून घेतो आणि काळा ते टाळू पाहतो. सुरुवातीला याच्या वाटेला जाऊ नये.

---

वाड्यावरचा पट

या विषयाचा आपल्या भूमीशी संबंध आहे, तो कोणी काढला नाही म्हणून लिहितो. १८१४ साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृत ग्रंथ इंग्रजीत छापला गेला, आणि त्यात मुख्यत्वे होत्या त्या सोडवायच्या पटस्थितीच. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्याद्याने केलेल्या मातीचा मान मोठा होता. वजिराने केलेली मात आणि प्यादेमात यांत फरक करणाऱ्या माणसांना 'कसे जिंकले' हा प्रश्न 'जिंकले का' याइतकाच महत्त्वाचा वाटत असणार, आणि रचित कोड्यांची वृत्ती हीच आहे.

पुढे १८४५ मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात एक चारचाली कोडे आले. ते हिंदुस्थानात असलेल्या हेन्री ऑगस्टस लव्हडे या इंग्रज धर्मोपदेशकाने 'शागीर्द' या टोपणनावाने पाठवले होते. जगभर ते 'इंडियन प्रॉब्लेम' म्हणून ओळखले जाते, आणि त्यातल्या कल्पनेलाच 'इंडियन थीम' हे नाव पडले. त्याची अडचण अशी आहे की काळा राजा कोंडलेला असतो आणि स्टेलमेट होण्याची भीती असते, म्हणून पांढऱ्याला त्याला एक घर मोकळे करून द्यावे लागते. त्यासाठी पांढरा उंट डी२ हे घर ओलांडून थेट सी१ वर जातो. मधल्या चालीनंतर हत्ती डी२ वर येऊन स्वतःच्याच उंटाची वाट अडवतो. उंटाचा पहारा उठल्यामुळे काळा राजा एफ४ वर पाऊल टाकतो, आणि हत्ती डी४ वर सरकताच उंटाची रेषा उघडून मात होते. उंट आधी डी२ च्या अलीकडे राहिला असता, तर हत्तीला त्याच्यासमोर उभे राहताच आले नसते. मागे जाण्याची ती पहिली चाल कशासाठी आहे हे तिसऱ्या चालीपर्यंत कळत नाही. मूळ प्रश्नात कोपऱ्यातल्या उंटाची जी तक्रार आहे तिचे मूळ बहुधा अशाच रचनांत असावे.

ज्यांना हे एकट्याने करण्यात गोडी वाटत नाही त्यांच्यासाठी स्पर्धा आहेत. कोडी सोडवण्याची जागतिक स्पर्धा १९७७ पासून होते. तिच्या दोन दिवसांत सहा फेऱ्या असतात: दोनचाली, तीनचाली, स्टडी, हेल्पमेट, अधिक चालींची कोडी आणि सेल्फमेट. प्रत्येक फेरीत तीन कोडी, प्रत्येकाला पाच गुण. तीन दोनचाली कोड्यांना मिळून २० मिनिटे, तर तीन स्टडींना १०० मिनिटे. इंग्लंडचे ग्रँडमास्टर जॉन नन यांनी ही स्पर्धा २००४, २००७ आणि २०१० मध्ये जिंकली, त्यामुळे वर 'घड्याळ दाबा' यांनी लिहिलेले मला अर्धेच पटते: कोडी सोडवून कोणी ग्रँडमास्टर होत नसेल, पण ग्रँडमास्टर कोडी सोडवतात. याशिवाय दर जानेवारीत एकाच वेळी अनेक देशांत घेतली जाणारी एक स्पर्धा असते आणि तिच्यात नवख्यांसाठी वेगळा गट असतो. या स्पर्धांत समोर पट मांडून मोहरी हलवून पाहण्यास परवानगी असते, तेव्हा घरीही सगळे मनातल्या मनात करण्याचा हट्ट धरू नये. दोनचाली कोड्यात उत्तरपत्रिकेवर फक्त की-मूव्ह लिहिली तरी पूर्ण गुण मिळतात. तीनचालीपासून पुढे मात्र काळ्याचे बचाव आणि त्यांची उत्तरेही लिहावी लागतात.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. जुन्या संग्रहात किल्लेकोटाचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, प्रश्न आला, तर नियम असा आहे की राजा किंवा हत्ती आधी हलला होता असे सिद्ध करता येत नसेल, तर किल्लेकोट शक्य धरावा. एन पासां, म्हणजे दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणे, याचे मात्र उलटे आहे: आधीची चाल त्याच प्याद्याची दोन घरांची होती, हे पटस्थितीवरून सिद्ध झाले तरच ते पहिल्या चालीत करता येते. या दोन ओळी ठाऊक नसल्यामुळे उत्तर छापताना चूक झाली असावी असे वाटून लोक पुस्तक मिटून ठेवतात.